वाटणीच्या वर्षातली शर्यत

राज्याची वाटणी झाली तेव्हा सरुबाई सोनकांबळेंची दोन लेकरं दोन राज्यांची निघाली. थोरला उत्तम आंध्रचा, धाकटी भामा तेलंगणाची. घरात कुणाचं कुणाशी बिनसलेलं नव्हतं. कारण एवढंच, की त्यांचे वडील तातेराव रेल्वेत पॉइंट्समन होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी गुंतकलला काढली. उत्तमची शाळा तिथली. भामाचं शाळेचं वय झालं तोवर तातेरावांची बदली राजधानीत, काचीगुड्याला झाली होती. सरकारी नियम शाळा कुठली ते विचारत होता. मूळ गाव देगलूरकडचं आणि घरातली बोली मराठी, हे विचारायला नियमाला सवड नव्हती.

उत्तम पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. ऑफिस विजयवाड्याला हलणार हे पक्कं झालं, त्याच्या आधीच कँटीनमधली चार माणसं त्याला म्हणून गेली होती, "तुम्ही काय, तिकडचे." ते शब्द त्याच्या मनात काट्यासारखे रुतून बसले. या शहरात त्याचं लग्न झालं, पोरं झाली, वडिलांची माती याच शहरात झाली, आणि आता तो पाहुणा. पण उत्तमचा स्वभाव असा, की दुखलं तर तो ते बोलून दाखवायचा नाही. त्याऐवजी तो दुसऱ्यांचे निर्णय घ्यायला लागायचा.

एका रविवारी, सरुबाई आणि भामा राहायच्या त्या काचीगुड्याच्या घरात सगळे जेवायला बसलेले असताना त्यानं जाहीर केलं, "विजयवाड्याला मोठं क्वार्टर मिळतंय. आता सगळ्यांनीच जायचं. माय येईल, भामी येईल."

भामा चुलीशी, म्हणजे गॅसशी, भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मी कुठं येणार दादा? माझी शाळा आहे."

"जांबागेतली? तिथं मराठीच्या वर्गात पोरं उरलीत किती?"

"आहेत डझनभर."

"डझनभर! आणि त्यांना तरी मराठी वाचता येतं का? घरी तेलुगू, गल्लीत हिंदी."

"येत नाही म्हणून तर मी लागते."

वहिनी खुदकन हसली. उत्तमला ते आवडलं नाही. "भाड्याच्या घरात एकटी बाई राहणार? तुला एकटीला आजवर काही तडीला नेता आलंय का?"

ताटांवरचे हात थांबले. भामाचं लग्न नांदेडला झालं होतं आणि दोन वर्षांत ती परत आली होती. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत या घरात ती कुणी उच्चारली नव्हती. भामानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, मग वळून म्हणाली, "तू ती शर्यत करतोस ना? पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. डिसेंबरात आहे. मी पण उतरते."

उत्तम आधी हसला. त्याच्या दिवाणखान्यात अशा शर्यतींची पदकं टांगलेली होती. त्याची सायकल दोन बोटांवर उचलता यायची. "तुला पोहता येतं?"

"येतं."

हे कुणालाच माहीत नव्हतं. पाठदुखीवर डॉक्टरांनी पोहायला सांगितलं आणि दीड वर्षापूर्वी भामा महापालिकेच्या तलावात बायकांच्या बॅचला जायला लागली. घरी ती फिरायला जाते असं सांगायची. सरुबाईला ओल्या केसांवरून केव्हाच कळलं होतं, पण ती बोलली नव्हती.

"मग ठरलं," उत्तम म्हणाला. "तू माझ्यापुढं आलीस तर माय आणि तू इथंच. मी आलो तर मुकाट्यानं सामान बांधायचं."

"कबूल."

सरुबाईनं पाण्याचा तांब्या खाली आपटला. "मलकपेठेला घोड्यावर पैसे लावतेत, तसं मला लावलं का रे दोघांनी? मी कुठं राहायचं ते मी सांगीन. मला कोणी जिंकायचं नाही. पळायचं तर पळा, पण मला त्यात वढू नका."

जेवण तसंच अर्धवट उरकलं. जाताना उत्तम दारातून म्हणाला, "पैज गेली तर गेली. शर्यत आहे ना?"

"आहे," भामा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं सत्यवतींना सांगितलं. सत्यवती तलावावर पोहणं शिकवायच्या. पन्नाशी उलटलेली, आवाज असा की पाण्याखालीही ऐकू यावा. बातमी ऐकून त्या दख्खनीत म्हणाल्या, "पानी से दोस्ती तो हो गई, अब झगड़ा करना बी सीख." आणि त्यांनी भामाला शिकाऊ पोरींच्या कोपऱ्यातून काढून मधल्या पट्ट्यात टाकलं. आपल्या लेकीची गिअरची सायकलही त्यांनीच दिली. सायकल जुनी आणि जड होती, पण चेन कुरकुरत नव्हती.

मेट्रोच्या कामासाठी निम्मं शहर खणून ठेवलेलं. पहाटे काचीगुड्याहून सायकलवर निघून मलकपेठेच्या रेसकोर्सवरून नागोलपर्यंत जायचं तर पत्र्याच्या कुंपणांमधून वाट काढावी लागे. सुरुवातीला ती घट्ट पळायच्या पँटवर सलवार चढवून गल्ली ओलांडायची आणि कोपऱ्यावर ती काढून पिशवीत कोंबायची. एकदा कोपरा यायच्या आधीच ती सलवार चेनमध्ये अडकली, भामा रस्त्यावर पडली, गुडघा फुटला. दुसऱ्या दिवसापासून तिनं सलवार घालणं सोडलं. नळावरच्या बायका बघत राहिल्या. एक जण म्हणाली, "मास्तरीणबाई, हे काय वय आहे?" भामा म्हणाली, "हेच आहे, दुसरं कुठून आणू?"

नोव्हेंबरात उत्तमचा फोन आला. आवाज मऊ होता. "त्या दिवशी मी बोलून गेलो गं. तू मनावर नको घेऊ. नाव मागं घे. माझ्या ग्रुपची सगळी माणसं असणार तिथं. हसू होईल."

"कुणाचं?" भामानं विचारलं.

आणि उत्तराची वाट न पाहता तिनं फोन ठेवला. दादाच्या तोंडावर तिनं असा फोन कधी ठेवला नव्हता.

शर्यतीच्या सकाळी स्टेडियमच्या तलावाभोवती गर्दी होती. वहिनी आणि सरुबाई छत्री घेऊन आल्या होत्या. उत्तम आपल्या मित्रांमध्ये उभा होता. त्यानं लांबूनच हात केला, भामानंही केला. शिट्टी झाली आणि सगळे एकदम पाण्यात पडले.

ज्या पाण्याशी दीड-दोन वर्षांची दोस्ती, ते पाणी त्या दिवशी ओळख दाखवेना. चारी बाजूंनी हातपाय. कुणाची तरी लाथ तिच्या चष्म्यावर बसली, नाकात पाणी गेलं, छाती आवळली. तिनं दोरी धरली. काठावरचा जीवरक्षक वाकून म्हणाला, "मॅडम, बाहर आते?" ती खोकत होती. समोर उत्तमचे हात संथ पडत होते, उठत होते, लांब जात होते. तिनं नकारार्थी मान हलवली. चष्मा रिकामा केला, पुन्हा लावला आणि दोरी सोडली. आता ती पोहत नव्हती, भांडत होती. वाटेत येणाऱ्या अंगाला तिचं अंग लागलं तर ती बाजूला सरत नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा उत्तमची सायकल जागेवर नव्हती.

सायकलचा रस्ता रुंद होता आणि चढउतारांचा. एका टोकाला जाऊन तसंच परत यायचं. ती जात होती तेव्हा उत्तम परतत होता. सायकलवर ओणवा, वाऱ्याला चिरत. तिला पाहून तो ओरडला, "पाणी पी!" तशा वेगातही दादानं सूचना दिलीच. पण तिला दिसलं, की तो मोठ्या गिअरवर, पायांचा जीव काढत चढ मारतोय. मित्रांच्या घोळक्यात कुणालाच मागे राहायचं नव्हतं. ती मात्र आपल्या जड सायकलवर जमेल तसं पायडल मारत राहिली. चढावर दोन तरुण पोरांना तिनं मागे टाकलं, तेव्हा पहिल्यांदा तिला आतून हुरूप आला.

पळायला लागली तोवर ऊन वर आलं होतं. तळपाय पेटले होते, मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. ती पळत होती असं म्हणण्यापेक्षा ती थांबत नव्हती, एवढंच. एका वळणानंतर रस्त्याच्या दुभाजकावर उत्तम बसलेला दिसला. एक स्वयंसेवक त्याचं पाऊल हातात धरून पोटरी चोळत होता.

"भामे, थांब!" उत्तम म्हणाला.

आणि ती थांबली. डोक्यानं काही ठरवायच्या आधीच पाय थांबले. लहानपणी शाळेच्या वाटेवर, रस्ता ओलांडताना, दहावीनंतर मैत्रिणींबरोबर सहलीला निघताना, नांदेडहून परत आल्यावर दुसऱ्या गावची नोकरी घेताना, दादा थांब म्हणाला की ती थांबत आली होती.

"लागलंय का?" तिनं विचारलं.

"गोळा आलाय पोटरीत. जाईल आता. दोन मिनिटं थांब, बरोबर जाऊ. दोघं एकदम पोचू."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर रंग होता, बोलणं स्पष्ट होतं, स्वयंसेवक नेटानं चोळत होता, पलीकडे ॲम्ब्युलन्स उभी होती. त्याला तिची मदत नको होती. त्याला फक्त ती पुढे जायला नको होती. दोघं बरोबर पोचले असते तर छान दिसलंही असतं. वहिनीनं फोटो काढला असता, कुणालाच वाईट वाटलं नसतं. आणि तो फोटो विजयवाड्याच्या क्वार्टरमध्ये लागला असता.

"नाही दादा," ती म्हणाली.

"भामे!"

"तू ये मागून."

ती पळाली. पहिली काही पावलं फार वाईट गेली, तिला रडू येत होतं. पाठीवर त्याची नजर टोचत होती. मग चढ लागला आणि रडायला दम पुरेना, म्हणून रडणं थांबलं.

शेवटच्या सरळ रस्त्यावर लोक दोन्ही बाजूंना उभे होते. मागून लंगडती पण भराभर पावलं ऐकू आली. चप्-थप्, चप्-थप्. तो उठला होता. भामानं मागे पाहिलं नाही. कठड्यावर पोट टेकून सत्यवती तेलुगूत 'चल, चल' म्हणून ओरडत होत्या, "पद भामा, पद, पद!" उत्तमचा श्वास तिच्या कानाशी आला. त्याचा खांदा तिच्या खांद्याच्या रेषेत आला. पाण्यात सरकली नव्हती तशी ती इथंही सरकली नाही. तिनं मान खाली घातली, मुठी आवळल्या आणि अंगात उरलंसुरलं होतं ते सगळं पायात ओतलं. कमानीखालून ती हातभर आधी गेली.

दोघंही गवतावर आडवे झाले. मग उत्तम आकाशाकडे बघत म्हणाला, "मी थांबलो असतो तुझ्यासाठी."

"माहीत आहे. आणि जन्मभर सांगितलंही असतंस."

"वाईट वाटलं मला."

"मलाही वाटलं. तरी पळाले."

पुढच्या रविवारी उत्तम पेढे घेऊन आला. पेढे आणले होते, पण मन काही साफ नव्हतं. भामाशी तो नेमकं कामापुरतं बोलत होता. सरुबाईनं दोघांना समोर बसवलं आणि म्हणाली, "मी उत्तमसंगं जाते."

भामाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "माय! अगं पण मी जिंकले ना?"

"म्हून तर. तू एकटी राहू शकतीस हे मला त्या दिवशी दिसलं. याचं तसं नाही. याला इथून पाव्हणा म्हून काढलंय, त्याच्या काळजाला लागलंय. बोलत नाही, पण मी जन्माला घातलंय त्याला. आन् तिकडं कृष्णेकाठी अमरावतीला आपल्या बुद्धाचा मोठा स्तूप होता म्हणं. मला ती जागा बघायचीय."

उत्तम सावरून बसला. "मग भामी पण—"

"तिचं नाव काढायचं नाही," सरुबाई म्हणाली.

"मला न विचारताच ठरवलंस?" भामाचा आवाज चढला.

"तू तरी मला इचारलं होतं का? कबूल म्हणलीस ना लगेच?"

भामा उठून न्हाणीघरात गेली, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडली. रडून झाल्यावर तोंड धुऊन बाहेर आली आणि मायच्या पातळांच्या घड्या करायला बसली. दोघी घड्या करत राहिल्या. मधेच सरुबाईनं तिच्या फुटलेल्या गुडघ्यावरचा वण बोटानं चाचपून पाहिला.

सगळे विजयवाड्याला गेले त्या संध्याकाळी घरमालक एकनाथराव जिना चढून आले. आजूबाजूला पाहत म्हणाले, "मग आता घरात कोण असतं?"

"मी असते," भामा म्हणाली, आणि ते आणखी काही विचारतात का याची वाट पाहत दारात उभी राहिली. त्यांनी विचारलं नाही.

एकटेपण सोपं नव्हतं. पहिले काही दिवस ती एकटीसाठी भाकरी थापताना पीठ जास्तच मळायची. शाळेत मात्र तिनं मुख्याध्यापिकेच्या मागे लागून वाचनाचा वेगळा तास मिळवला. पोरं अडखळत जोडाक्षरं फोडायची, मधेच हिंदीत घसरायची, आणि ती पुन्हा त्यांना ओळीच्या सुरुवातीला आणून उभी करायची.

उन्हाळा संपता संपता विजयवाड्याहून फोन आला. एरवी सरुबाई बोलायची आणि उत्तम मागून एखादा शब्द टाकायचा. या वेळी तोच होता.

"इथं कृष्णेत पोहायची शर्यत आहे," तो म्हणाला. "नदीत. तलाव नाही. धरायला दोरी नसते."

भामा नदीत कधी उतरली नव्हती. तळ न दिसणारं पाणी तिनं फक्त पुलावरून, रेल्वेच्या खिडकीतून पाहिलं होतं.

"भ्यालीस का?" उत्तमनं विचारलं.

"हो," भामा म्हणाली. "नाव घाल माझं."