माझ्या घरघरीत बुडालेले वाक्य

मित्रांनो, मी एक थकलेला पंखा आहे. माणसांना वारा घालण्याचे भाग्य माझ्या वाट्याला कधी आले नाही. तळहाताएवढा माझा घेर. संगणकाच्या पोटात प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो. प्रोसेसरची उष्णता त्या ठोकळ्यात चढते आणि ती फुंकून बाहेर घालवायची, एवढेच माझे काम. सात वर्षे मी ते केले. आता माझा आस झिजला आहे, म्हणून बोलायला सवड मिळाली.

फिनलंडमध्ये क्यूमी नदीच्या काठी काउको नावाचे गृहस्थ राहतात. कागदाच्या गिरणीत त्यांनी चौतीस वर्षे यंत्रे सांभाळली. ते निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांची पत्नी गेली, आणि मुलगी तायमी लग्न होऊन दूर तुर्कू शहरी जायला निघाली. बाप एकटा पडणार ही काळजी तिला स्वस्थ बसू देईना. तिने सुटे भाग मागवले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले आणि दोघांनी मिळून गेम खेळायचा एक संगणक जोडला. प्रोसेसरवर उष्णता ठोकळ्यात पोचवणारा वाटाण्याएवढा करडा लेप लावला, त्यावर मला ठोकळ्यासकट दाबून बसवले आणि चार स्क्रू आवळले.

"समोरून गार हवा आत, मागून गरम बाहेर," तायमी म्हणाली. "आणि तापमानाचा हा आकडा बघत जा, बाबा. संगणक नुसता चालू असला की चाळीसच्या आसपास. खेळताना साठ ते ऐंशी, चालेल. नव्वदीला गेला की समज काहीतरी बिघडलंय. शंभरी आली की हा आधी हळू पडतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर जीव वाचवायला बंदच होतो."

"ऐंशीला तर मी सौनाच्या वाफेत बसतो," काउको म्हणाले.

"तू बसतोस पंधरा मिनिटं. हा बसणार दुपारभर."

दर रविवारी कॉफी झाली की बाप इकडे आणि लेक तिकडे, आपापल्या संगणकासमोर बसत. पडद्यावरच्या एका बेटावर दोघे मिळून आगगाडीचे रूळ टाकत, पूल बांधत. समोरासमोर बसून जे दोघांना कधी जमले नसते, ते बोलणे रूळ टाकता टाकता सहज होई. मी खाली मंद फिरत असे आणि स्पीकरमधून येणारे सगळे ऐकत असे. आकडा अडुसष्टच्या वर जात नव्हता. "पंखा गुणी आहे," असे काउको एकदा म्हणाले होते. तेवढी एकच शाबासकी, पण मला पुष्कळ वर्षे पुरली.

पुढे काउकोंनी हाल्ला नावाची एक केसाळ कुत्री पाळली. ती संगणकाच्या पेटीला टेकून झोपे, कारण पेटी उबदार लागे. मग थंडीत पाय गारठतात म्हणून काउकोंनी टेबल खिडकीखालच्या हीटरजवळ ओढले आणि पेटी भिंतीला लावून टाकली. समोरच्या जाळीवर केसांचे नमद्यासारखे थर बसले, मागची वाट भिंतीने अडवली. वाटाण्याएवढा तो लेप सुकून भेगाळला. मी जोरात फिरू लागलो, मग आणखी जोरात. तीच कढत हवा मी पुन्हा पुन्हा ढवळत होतो. माझ्या आसातून घरघर येऊ लागली.

नवल याचे वाटते, की गिरणीतल्या शंभर यंत्रांच्या गदारोळात एखादे बेअरिंग कुरकुरले तरी काउकोंना लांबून कळत असे. घरात मात्र त्यांनी स्पीकरचा आवाज वाढवला आणि म्हणाले, "जुनं झालं, कुरकुरणारच." आकडा बघणे त्यांनी केव्हाच सोडले होते.

फेब्रुवारीतला एक रविवार. बेटावर एक लांबलचक पूल पुरा होत आला होता. नवऱ्याशी खटके उडतात, हे तायमीने मागेच सांगितले होते. काउको म्हणाले, "जावयाशी जरा जुळवून घे. माणूस वाईट नाही."

आकडा सत्त्याण्णववर होता. मी जिवाच्या आकांताने फिरत होतो. तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी त्याला सोडलंय. मी घरी येऊ का?"

मी ते ऐकले. काउकोंना ऐकू गेली ती माझी घरघर. आणि दुसऱ्याच क्षणी पडदा काळा झाला.

तिला वाटले, बापाने उत्तर द्यायचे टाळले. बापाला वाटले, जावयाची बाजू घेतली म्हणून ती रागाने उठून गेली. फोन दोघांकडेही होते. पण दोघे एकाच मातीचे. तीन रविवार असेच गेले. काउको चार वाजता टेबलाशी येत, खुर्चीवर बसत, बटणाला हात न लावता उठून जात.

चौथ्या रविवारी तायमी बसने आली. बूट न काढता दारातच उभी राहिली.

"नको येऊस म्हणाला असतास तरी चाललं असतं," ती म्हणाली. "पण तोंडच फिरवलंस."

"मी? उठून तूच गेलीस."

"मी नाही गेले. तू बंद केलंस."

काउकोंनी संगणक चालू केला आणि बेट उघडले. दोघे उभ्याउभ्या बघत राहिले. मी घरघरलो, आकडा चढत गेला, आणि दोघांच्या देखत पडदा काळा झाला.

तायमीने बूट काढले. पेटी जमिनीवर आडवी करून तिने बाजूचा पत्रा उघडला आणि आतून कुत्रीच्या केसांचा ओंजळभर गोळा ओढून काढला. "हाल्लाचं अजून एक पिल्लू होईल यातून," ती म्हणाली. काउको गुडघ्यावर बसले आणि त्यांनी बोटाने मला फिरवून बघितले.

"बेअरिंग गेलंय," ते खाली बघत म्हणाले. "आणि मला ऐकू आलं नाही. मला."

"नवा मोठा पंखा आणू. नळीतून पाणी फिरवून थंड करणारा संचही मिळतो, पण त्याचा पंप थांबला की तुला पत्ता लागायचा नाही. तुला हवेचाच बरा."

सुकलेला लेप कापडाने पुसत पुसत काउकोंनी विचारले, "त्या दिवशी तू काय म्हणालीस, तायमी?"

"घरी येऊ का, म्हणाले."

त्यांनी प्रोसेसर स्वच्छ होईपर्यंत पुसला. मग म्हणाले, "तुझ्या खोलीत मासेमारीचं सामान भरलंय मी. धर जरा माझ्याबरोबर, आजच हलवू."

मी आता त्यांच्या छपरीत एका फळीवर असतो. माझ्या जागी आलेला पंखा मोठा आहे, शांत आहे. पेटी भिंतीपासून हातभर लांब असते आणि दर दोन महिन्यांनी काउको तिची जाळी ब्रशने झाडतात.

मित्रांनो, मला परत फिरायचे नाही, फार दमलो आहे. मागणे एवढेच, की घरातले कोणी कुरकुरू लागले, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याच्यावर आवाज चढवू नका. आधी सगळे बंद करा, जवळ जा आणि त्याला काय होते आहे ते नीट ऐका.