पायलट्स हरले त्या वर्षी

मी फुटबॉल आहे, पण तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल तो गोल नव्हे. मी दोन्ही टोकांना निमुळता, तपकिरी चामड्याचा. अमेरिकेत मला काखेत धरून पळतात, आणि पळणाऱ्याला पाच-सहा जण मिळून आडवा करतात. पोर्ट लँगली पायलट्स नावाच्या व्यावसायिक संघाने एक सामना जिंकला, त्या दिवशी खेळाडूंनी माझ्यावर सह्या केल्या. त्यांच्या एका चाहत्याने मला बहारीनमधल्या आपल्या भावाकडे पाठवून दिलं.

तो भाऊ म्हणजे डॉब्स. सलमाबादला एसी दुरुस्तीचं मोठं वर्कशॉप होतं, त्याचा मॅनेजर. मी त्याच्या टेबलावर असायचो. कामगार माझ्याकडे बघायचे ते रागाने, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

१९८३ च्या सप्टेंबरपासून पायलट्स हरत सुटले. भाऊ प्रत्येक मॅचची व्हिडिओ कॅसेट विमानाने पाठवायचा. ती पोचायला नऊ-दहा दिवस लागायचे. तोवर निकाल कोणी सांगायचा नाही, अशी डॉब्सची सक्त ताकीद. शिळी मॅच तो ताजी असल्यासारखी बघायचा, पडद्यावरच्या माणसांना शिव्या द्यायचा. हरले की दोन दिवस वर्कशॉपचे हाल. चहाची सुट्टी बंद, कोणाला तरी भर उन्हात पत्र्यावर चढवायचं, एखाद्याची रजा रद्द.

रत्नागिरीचा वेल्डर गनी रेडिओवर इंग्रजी बातम्या ऐकायचा. त्यामुळे कुठला दिवस वाईट जाणार, हे कामगारांना आधीच कळायचं.

एअरपोर्टवरून कॅसेट आणायचं काम दत्तारामचं. हा ड्रायव्हर गुहागरकडचा, तोंडात तीळ न भिजणारा. वडील नव्हते. धाकट्या बहिणीचं, मालूचं लग्न चौदा डिसेंबरला ठरलं होतं आणि कन्यादान त्याला करायचं होतं. दोन वर्षांनी मिळणारी रजा डॉब्सने तोंडी कबूल केली होती. सही तेवढी राहिली होती, आणि पासपोर्ट डॉब्सच्याच कपाटात होता.

सहा तारखेला कॅसेट आली. गनीने गेटवरच गाडी अडवली.

"सव्वीस पॉइंटने हरलेत. ती आता देऊ नको, दत्ताराम. आधी सही घे."

दत्तारामने कॅसेट गाडीतच ठेवली आणि अर्ज घेऊन तो आत आला.

"कॅसेट कुठाय?" डॉब्सने विचारलं.

खोटं बोलणं दत्तारामला जमलं नाही. मोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "गाडीत आहे, साहेब. आधी सही द्या."

डॉब्स हळूच म्हणाला, "म्हणजे हरले."

निकाल आपल्याच तोंडून गेला, हे दत्तारामला तेव्हा कळलं.

डॉब्सने अर्ज घेतला आणि टराटरा फाडला. "अपशकुनी आहेस तू. तू कॅसेट आणायला लागलास तेव्हापासून ते हरताहेत."

"मी आणतो तेव्हा ते हरून दहा दिवस झालेले असतात, साहेब." एवढं लांब वाक्य त्या खोलीत तो पहिल्यांदाच बोलला. मग त्याने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "बहिणीचं लग्न आहे. मी जाणार."

डॉब्सने मला उचललं आणि फेकलं.

मी फेकण्यासाठीच घडवलेला. सरळ गेलो, टोक पुढे करून. दत्तारामचा समोरचा दात पडला. रक्त त्या सह्यांवर उडालं.

दारात स्टोअरकीपर हुसेन उभा होता, अरादचा, बहारीनीच. त्याने मला उचललं.

"इकडे आण तो," डॉब्स म्हणाला.

"हा बॉल आता पोलिसांकडे जाईल," हुसेन म्हणाला, "आणि मीही जाईन."

कंपनीच्या मनामा ऑफिसात एकदम धावपळ झाली. दुसऱ्याच दिवशी दत्तारामच्या हातात पासपोर्ट आणि तिकीट आलं. अट एकच: तक्रार करायची नाही. व्हिसा मात्र रद्द, परत यायचं नाही. दत्तारामने सही केली.

हुसेन चिडला. "सोडून दिलंस त्याला?"

सुजलेल्या ओठांनी दत्ताराम म्हणाला, "केस चालेल वर्षभर. मालूचं लग्न चौदालाच आहे."

त्याने कन्यादान केलं. गनीला पत्र आलं, त्यात फोटो होता. सगळे हसताहेत, दत्तारामने मात्र ओठ घट्ट मिटून घेतलेत. पुन्हा त्याला आखातातली नोकरी मिळाली नाही. पायलट्सने त्या मोसमात तीन मॅच जिंकल्या, तेरा हरल्या. डॉब्स आणखी तीन वर्षं मॅनेजर राहिला.

हुसेनने मला परत दिलंच नाही; आज पाच वर्षांनी मी त्याच्या घरी जुन्या गाद्यांखाली पडलोय. माझ्यातली हवा गेली आहे, रक्ताचा डाग काळा पडलाय. काल हुसेनच्या मेहुण्याने मला बाहेर काढलं आणि पंप आहे का म्हणून विचारलं. हुसेन नको म्हणाला. पण तो काही रोज घरी नसतो.

बाबांनो, मला असाच चेपलेला राहू द्या. फेकणारा हात धरून ठेवणं मला तेव्हा जमलं नाही, पुढेही जमणार नाही.