गादीवरची ओल

लग्न होऊन सुचित्रा दादरच्या घरात राहायला आली, त्याच आठवड्यात बुंदी तिच्या बाजूच्या गादीवर मुतली.

तसं लग्न साधंच झालं होतं. रजिस्टर ऑफिसात सह्या, मग जवळच्या हॉटेलात दहा-बारा माणसांचं जेवण. सुचित्रा पन्नाशीला आलेली. करी रोडच्या चाळीत आधी आईचं, मग वडिलांचं दुखणं काढता काढता तिचं स्वतःचं सगळं मागे पडत गेलं. दोघंही गेल्यावर भाऊच तिला दादरच्या एका वधूवर मेळाव्याला घेऊन गेला. तिथे अजित कर्णिक भेटले. बँकेत अधिकारी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. बायको, प्रिती, दोन वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेली होती. एक मुलगी, उर्वी, पंचवीस वर्षांची, लोअर परळला नोकरी करणारी. आणि एक मांजर.

मांजर प्रितीचं होतं. पांढरं, पाठीवर केशरी ठिपके, म्हणून बुंदी. उर्वी शाळेत असताना प्रितीनं तिला एका गाडीखालून उचलून आणलं होतं आणि दुधाच्या ड्रॉपरनं वाढवलं होतं. बुंदीचा वाळूचा ट्रे मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी असायचा. ती इतकी शहाणी, की ट्रे सोडून कुठे थेंब पडला नाही, असं घरातले सगळे कौतुकानं सांगायचे.

त्या संध्याकाळी उर्वी ऑफिसातून आली तेव्हा सुचित्रा गादी उभी करून पंख्याखाली वाळवत होती.

"काय झालं?" उर्वीनं विचारलं.

"मांजर मुतलं गं."

तो शब्द ऐकून उर्वीच्या कपाळावर आठी पडली. "बुंदीनं शू केली? गादीवर? शक्यच नाही. ती असं कधीच करत नाही." मग तिनं बुंदीला उचलून छातीशी धरलं आणि तिच्या कानात म्हणाली, पण सुचित्राला ऐकू जाईल अशा बेतानं, "तुलासुद्धा नाही ना आवडलं?"

सुचित्रानं गादी उलटी फिरवली आणि पंखा वाढवला.

पुढच्या दिवसांत ते पुन्हा पुन्हा झालं. कधी पलंगावर, तेही सुचित्राच्याच बाजूला. कधी तिनं घड्या घालून ठेवलेल्या कपड्यांवर. भावजयीनं लग्नात दिलेली निळी साडी तिनं एकदाच नेसून, वारा लागावा म्हणून खुर्चीवर टाकली होती. बुंदीनं खुर्चीवर चढून तीही भिजवली. सुचित्रानं साडी तीनदा धुतली, उन्हात घातली. वास जवळजवळ नव्हताच, तरी तिला तो येत राहिला.

तिनं काय काय केलं! ट्रे रोज घासला. वाळू बदलली, दुसऱ्या कंपनीची आणली. पुसायच्या पाण्यात व्हिनेगर घातलं. पलंगावर दिवसभर प्लॅस्टिक अंथरून ठेवलं, तर बुंदी खाली सतरंजीवर गेली. लग्नाआधी सुचित्रा हिंदमाताला साडीच्या दुकानात काउंटरवर असायची. अजितच्या सांगण्यावरून तिनं ते काम सोडलं होतं. त्यामुळे सकाळी बापलेक बाहेर पडले की घरात ती आणि मांजर, एवढीच दोघं. मांजर लांब, खिडकीत बसून तिच्याकडे बघत राही. सुचित्राला त्या नजरेची भीती वाटायला लागली.

शेजारच्या मालनताई एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मुक्या जनावराला सगळं कळतं हो. प्रितीचा जीव होता तिच्यावर."

त्या दिवशी दुपारी सुचित्रा हॉलमधल्या प्रितीच्या फोटोसमोर हात जोडून उभी राहिली. "मी तुमचं काही घ्यायला आले नाहीये," ती म्हणाली. "मला फक्त राहू द्या." मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि ती भाजी चिरायला गेली.

अजितनं एका रविवारी विषय काढला. बुंदीनं त्याच्या बँकेच्या बॅगेखालचं पायपुसणं ओलं केलं होतं.

"हे काही चालायचं नाही," तो सुचित्राला म्हणाला. "माझ्या मित्राचं अलिबागला घर आहे, मोठं अंगण आहे. तिथे सोडू तिला. तुझ्याही मागची कटकट जाईल."

"अहो, नको," सुचित्रा म्हणाली. "मी आले आणि प्रितीताईंचं मांजर घराबाहेर गेलं, असं नको व्हायला. पोरगी काय म्हणेल?"

"तिला मी समजावीन. तू वैतागली आहेस ते दिसतंय मला."

"वैतागलेय, हे खरं आहे. रोज उठून मुताची धुणी धुवायची म्हणजे…"

नेमकी एवढ्यात उर्वी आंघोळ करून बाहेर आली. तिला फक्त शेवटचंच ऐकू आलं.

"मग सांगा ना सरळ, की ती नकोय तुम्हाला," ती म्हणाली. "आईचे कपडे गेले, आईची भांडी माळ्यावर गेली. आता बुंदी. पुढचा नंबर माझा ना, सुचित्राताई?"

"उर्वी!" अजित ओरडला.

"बाबा, तुम्ही बोलू नका. आई होती तोपर्यंत या घरात एक थेंब सांडला नव्हता. ही आल्यावरच का? तुम्हीच विचार करा."

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. अजित पेपर उघडून बसला, पण त्यानं पान उलटलं नाही. सुचित्राला वाटलं, आपण बोलायला हवं होतं, अलिबागला नको म्हणून मीच सांगत होते असं. पण मुलीच्या मनात जे आहे ते याच्यानं थोडंच पुसलं जाणार होतं? आणि खरं म्हणजे तिलाही तसंच वाटत होतं. मांजर आपल्यालाच नको म्हणतंय, याबद्दल आता तिच्या मनात शंका उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेल्यावर तिनं बुंदीला एका प्लॅस्टिकच्या टोपलीत घातलं, वर टॉवेल बांधला आणि टॅक्सी करून परळला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. माणसाच्या मनावर औषध असतं, तसं मांजराच्याही असेल, एवढीच तिची आशा होती. टोपली मांडीवर घेतली तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं, की एवढ्या मोठ्या दिसणाऱ्या मांजरात वजन असं काहीच नाही.

डॉक्टर मनवा नावाची तरुण मुलगी होती. तिनं बुंदीच्या पाठीवरून हात फिरवला, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं.

"पाणी किती पिते?"

"पिते बऱ्यापैकी. वाटी दोनदा भरते मी. बाथरूममधल्या बादलीतूनही पिते."

"आधीपासून एवढंच प्यायची?"

"मला नाही माहीत," सुचित्रा म्हणाली. "मी जानेवारीत आले त्या घरात. हे मुतणंही मी आले तेव्हापासूनच सुरू झालं. तिला मी आवडत नाही. त्याच्यावर काही देता येईल का, हेच विचारायला आले होते."

डॉक्टरनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग रक्त काढून घेतलं आणि बसायला सांगितलं.

रिपोर्ट आल्यावर तिनं सुचित्राला आत बोलावलं. "मावशी, हिला तुमचा राग बिग काही नाहीये. हिची किडनी गेलीय. म्हणून एवढं पाणी पिते, म्हणून एवढी लघवी होते, आणि म्हणूनच लघवीला वास नाही, नुसतं पाणीच असतं ते. ट्रे लगेच ओला होतो, मग ती कोरडी, मऊ जागा शोधते. मागच्या पायांचे सांधेही धरलेत, उंच काठाच्या ट्रेमध्ये अवघडून बसताना दुखत असणार. आणि हे दोन-तीन महिन्यांचं नाही, बरंच जुनं आहे. घरात आधीचं कोणी सांगू शकेल का?"

सुचित्रानं तिथूनच उर्वीला फोन लावला. डॉक्टर काय म्हणाली ते सांगितलं.

"मी येते," उर्वी म्हणाली.

लोअर परळहून ती तशीच आली, ऑफिसचं कार्ड गळ्यात, केस विस्कटलेले. बुंदी टेबलावर पडून होती, पायाला पट्टी बांधलेली. उर्वीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कधीपासून होतंय हे?" डॉक्टरनं विचारलं.

उर्वी सुचित्राकडे न बघता म्हणाली, "गेल्या दिवाळीच्या आधीपासून. गॅलरीत, कधी सोफ्यामागे. मी पुसून टाकायचे."

"मग तेव्हाच दाखवायला हवं होतंत."

"हो," उर्वी म्हणाली.

परतताना टॅक्सीत टोपली दोघींच्या मध्ये होती. सुचित्रा खिडकीबाहेर बघत होती. हिंदमाताच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा उर्वी बोलायला लागली.

"आई गेल्यावर बाबा सारखे म्हणायचे, आता हिचं कोण करणार. त्यांना कळलं असतं तर त्यांनी तेव्हाच देऊन टाकलं असतं तिला. म्हणून मी लपवलं. आणि मग तुम्ही आलात."

"आणि माझ्या नावावर टाकलंस."

"मी मुद्दाम नाही… हो. टाकलं. सोपं होतं ते."

सुचित्रा रागानं तिच्याकडे वळली. "तुला माहीत होतं. मी तुझ्या आईच्या फोटोपुढे उभं राहून हात जोडले गं. रोज सकाळी उठले की आधी गादी चाचपून बघायचे, ओली असली की वाटायचं, अजून एक दिवस हिनं मला नाही म्हटलं. आणि तुला माहीत होतं."

उर्वी रडायला लागली. सुचित्रानं तिला जवळ घेतलं नाही. तिला ते जमलं नाही त्या दिवशी.

डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, बरी होणार नाही, फक्त त्रास कमी करता येईल. त्यानंतर घरात तीन ट्रे आले, पसरट आणि बुटक्या काठांचे. एक गॅलरीत, एक हॉलमध्ये, एक पलंगापाशी. अजितनं नाक मुरडलं, पण सुचित्रानं त्याला एवढंच सांगितलं, "आजारी आहे ती. माणूस असतं तर?" त्याला प्रितीचे शेवटचे महिने आठवले असावेत, कारण त्या दिवसापासून तो झोपलेल्या बुंदीजवळून जाताना दबकत जाई.

दिवसाआड बुंदीला कातडीखाली सलाइन द्यायचं असे. उर्वी संध्याकाळी आली की ती बुंदीला धरायची आणि सुचित्रा सुई टोचायची. पहिल्यांदा सुई दोनदा चुकली. मग सवय झाली. त्या वेळी दोघी बोलत, ते फक्त बुंदीबद्दल. आज खाल्लं का. आज ट्रेमध्ये गेली का. कधी उर्वी सांगायची, आई तिला बोंबलाचं पाणी द्यायची. मग सुचित्रा दुसऱ्या दिवशी बाजारातून बोंबील आणायची. त्यापलीकडचं दोघींपैकी कोणीच काढलं नाही. बुंदी अजूनही अधूनमधून गादीवर मुतायची, आणि सुचित्रा चादर काढून भिजत टाकायची, आता न घाबरता.

एप्रिल संपता संपता बुंदीनं खाणं सोडलं. एका दुपारी सुचित्रा गॅलरीत स्टुलावर बसून तिला मांडीवर घेऊन ड्रॉपरनं पाणी पाजत होती. पाणी ओठांच्या कडेनं बाहेर आलं. बुंदीनं पाय ताणले, आणि सुचित्राच्या साडीतून मांडीला ऊब लागली. ती हलली नाही. ओल थंड होत गेली तरी ती बसून राहिली. मांजराच्या पोटावर ठेवलेल्या तिच्या हाताला आता काहीच जाणवत नव्हतं.

तिनं उर्वीला फोन केला. उर्वी आली तेव्हा बुंदीला टॉवेलमध्ये गुंडाळून हॉलमध्ये ठेवलं होतं. उर्वी जमिनीवर बसली.

"त्रास झाला का तिला?"

"नाही गं. शांत गेली. माझ्या मांडीवर होती."

उर्वी टॉवेलकडे बघत राहिली. "आईच्या वेळीही मी ऑफिसात होते," ती म्हणाली. "बाबांनी फोन केला होता. मी मीटिंगमध्ये होते, उचलला नाही." मग ती सुचित्राच्या ओल्या साडीकडे बघून म्हणाली, "तुम्ही बदलून घ्या ना." सुचित्राच्या ते लक्षातच नव्हतं.

बुंदीला डॉक्टरांच्या माणसांनी नेलं. ट्रे सुचित्रानं धुऊन त्यांनाच देऊन टाकले.

मे महिन्यात उर्वीनं सांगितलं, की ती ठाण्याला मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहणार आहे.

"ऑफिस इथून जवळ आहे की," अजित म्हणाला. "ठाण्याहून लांब पडेल."

"माहितीये, बाबा."

सामान बांधायला सुचित्रा तिला मदत करत होती. कपाटाचा वरचा खण रिकामा करताना ती म्हणाली, "माझ्यामुळे जात असशील, तर जाऊ नकोस."

"तुमच्यामुळे नाही. खरं सांगते. मी तिच्यासाठीच राहिले होते इथे. आई गेल्यावरच निघायचं होतं मला. तिला सोडून जाता येत नव्हतं." तिनं बॅगेची चेन लावली. "तुम्ही तिचं खूप केलंत. मी विसरणार नाही. पण मला या घरात बसवत नाही, सुचित्राताई."

टॅक्सी आली. अजितनं बॅगा खाली नेल्या. सुचित्रानं डब्यात कोलंबीचं लोणचं भरून दिलं, ते उर्वीनं दोन्ही हातांनी घेतलं आणि वाकून तिच्या पाया पडली. सुचित्राला ते नको होतं. तिला वाटलं होतं, पोरगी मिठी मारेल.

अजित वर आला तेव्हा सुचित्रा उर्वीच्या खोलीत, मोकळ्या पलंगावर बसली होती. तो तिच्या शेजारी बसला.

"येईल ना गं ती परत?" त्यानं विचारलं.

"येईल की," सुचित्रा म्हणाली. "पाहुणी म्हणून येईल."

अजितनं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते. लग्न झाल्यापासून सुचित्रानं त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो शांत होईपर्यंत तसाच राहू दिला.