विरुद्ध पक्षाचा वकील

वसुधाने हिंगाची डबी प्रयोगशाळेतून आणलेल्या काचेच्या बरणीत घातली, बरणीला घट्ट बूच लावलं, आणि ती जिना उतरून हार्टलीसाहेबांच्या दाराशी गेली. घरमालकीण फ्राऊ ब्रेमर यांनी सकाळी बजावलं होतं: फोडणीचा वास पडद्यांत बसतो, महिनाअखेर खोली सोडा. वसुधाचा रसायनशास्त्रातला प्रबंध अर्धाच झाला होता. युद्धात निम्मं पडलेलं जर्मनीतलं कोलोन शहर अजून बांधून व्हायचं होतं. परदेशी मुलीला दुसरी खोली कोण देणार?

हार्टलीसाहेब तळमजल्यावरचे भाडेकरू. लंडनमध्ये बॅरिस्टर होते, युद्धानंतर इंग्रजांच्या ताब्यातल्या या भागात न्यायाधीश झाले. कोर्ट बंद झालं, साहेब इथेच राहिले. दर शुक्रवारी स्वतःची बशी घेऊन ते आमटीला वर येत. फ्राऊ ब्रेमर फक्त त्यांचंच ऐकत.

“तुम्ही त्यांना सांगा ना,” वसुधा म्हणाली.

“मला निवाडा करता येणार नाही, मिस दामले. मी तुमची आमटी खाल्ली आहे.”

“निवाडा नको. माझ्या बाजूने बोला.”

साहेबांनी चष्मा पुसला.

“तेही जमणार नाही. फ्राऊ ब्रेमर आधी येऊन गेल्या. जो पहिला दार वाजवेल त्याचं काम घ्यायचं, आवडनिवड करायची नाही, ही आमची रीत. मी त्यांचा वकील आहे.”

वसुधाने दाराची मूठ घट्ट धरली.

“आणि शुक्रवारची आमटी?”

“बंद. विरुद्ध पक्षाकडे जेवणं शोभत नाही.”

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच अशिलाच्या वतीने पाहणीला वर आले. पडदे हुंगले, चुलीपासून खिडकीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं.

“हिंगात वास कशाचा असतो?”

“गंधकाच्या संयुगांचा,” ती फणकाऱ्याने म्हणाली. “तुमच्या अशिलाच्या कोबीतही तीच जात असते. जिन्यात रोज येतो तो वास.”

“हे मला सांगायची तुमच्यावर सक्ती नव्हती,” साहेब म्हणाले आणि खाली गेले. आपण समोरच्याच्या वकिलाला कशाला शिकवत बसलो, म्हणून वसुधाने कपाळाला हात लावला.

त्या दुपारी खालून बराच वेळ हलक्या आवाजात बोलणं ऐकू येत होतं. संध्याकाळी फ्राऊ ब्रेमर वर आल्या. त्यांनी वसुधाकडे पाहिलंच नाही, चुलीकडे पाहिलं.

“स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवायची. हिवाळ्यातसुद्धा.”

“आणि महिनाअखेर?”

“महिनाअखेर पडदे धुवायचे. तुम्ही. आल्झो, ठरलं तर.” आणि त्या जिना उतरल्या.

वसुधा साहेबांकडे धावली.

“काय सांगितलंत त्यांना?”

“ते वकील आणि अशिलामधलं,” साहेब म्हणाले. “न्यायाधीश असताना मी कितीतरी लोकांना नाझींच्या काळात बळकावलेली त्यांची घरं परत दिली. ज्यांच्याकडून काढून घेतली, त्यांतल्या एकालाही निकाल पटल्याचं मला आठवत नाही. आपली बाजू लंगडी आहे, हे माणूस फक्त आपल्याच वकिलाकडून ऐकून घेतो.”

“मग मी तुमचे आभार मानू की नको?”

“आभार कसले? मी हरलो आहे.”

शुक्रवारी दार वाजलं. साहेब बशी घेऊन उभे होते. बशीखाली आणखी एक बशी होती, निळ्या काठाची.

“ही कुणाची?”

“माझ्या अशिलाची. त्या स्वतः येणार नाहीत.”

वसुधाने सुस्कारा टाकला, खिडकी सताड उघडली आणि आमटीत आणखी पाणी घातलं.