मान डोलावणारी बाई

“आज सगळ्यांच्या कागदावर ‘होय’वरच खूण करायची, दोन्या कासिल्दा,” माझी शाल खांद्यावर सारखी करत डॉक्टर उर्किदी म्हणाल्या. “बाहेरच्या देशांतले तपासनीस आलेत. त्यांचा शिक्का मिळाला तर आपल्या पोरांची पदवी सीमेपलीकडेही चालेल. नाही मिळाला तर बसा थांबून.”

“आणि मला समजलं नाही तर?”

“तुम्हाला काय समजायचं राहिलंय? सगळं पाठ आहे तुम्हाला!”

ते खरं होतं. पाठ होतं, कारण गोष्ट माझीच होती.

कोचाबांबाच्या बाजारात मी चुन्यो विकते, थंडीत गोठवून वाळवलेले बटाटे. डॉक्टर उर्किदी माझं जुनं गिऱ्हाईक. औषधशास्त्राच्या कॉलेजात त्या शिकवतात. बाहेरच्या नियमांप्रमाणे तिथल्या पोरांना आता नुसता पेपर लिहून भागत नाही. खोट्या रुग्णासमोर बसून औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगावं लागतं. एकदा बटाटे निवडताना मी डॉक्टरांना माझ्या नवऱ्याबद्दल बोलले होते. ते त्यांनी कागदावर उतरवलं आणि नवऱ्याच्या जागी रुग्ण म्हणून मला बसवलं.

नवऱ्याच्या, एउलोखियोच्या, बोटांचे सांधे सुजायचे. दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या, आठवड्याला एक घ्यायची. औषधं देणाऱ्याने स्पॅनिशमध्ये भराभर सांगितलं, खोक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “समजलं ना?” मागे रांग होती. मला तेव्हा आमच्या केचुआ भाषेखेरीज धड काही बोलता येत नव्हतं, आणि अक्षर तर एकही ओळखीचं नव्हतं. मी मान डोलावली. घरी येऊन रोज एक गोळी दिली. नवव्या दिवशी त्याचं तोंड आतून सोलवटलं, सूपसुद्धा गिळवेना. मला वाटलं, औषध अजून लागू पडायचंय. सतराव्या दिवशी आम्ही त्याला पुरलं.

अक्षरं मी त्यानंतर शिकले, बावन्नाव्या वर्षी, बाजार संघटनेच्या हॉलमध्ये.

पहिल्याच तालमीला डॉक्टर म्हणाल्या होत्या, “तुम्हाला वाचता येत नाही असं दाखवायचंय. खोका उलटा धरा.”

“नाही धरणार,” मी म्हणाले. “ज्याला वाचता येत नाही तो खोका कधी उलटा धरत नाही. चित्र बघून सरळ करतो. जन्मभर तेच शिकलेला असतो तो.”

त्या दिवसापासून डॉक्टर माझं ऐकायला लागल्या होत्या. आजचा दिवस सोडून.

तपासनीस तिघे होते. भिंतीशी बसून लिहीत होते. पोरं एकेक करून येत होती. घाबरलेली होती, पण वाईट नव्हती. जाड चष्म्याच्या एका मुलाने खोक्यावर सात गोल काढले, एकच रंगवला आणि मला म्हणाला, “आता यातला सोमवार दाखवा.” मी दाखवला. त्याला मी मनापासून ‘होय’ दिलं.

शेवटी न्येवेस आली. वर्गात पहिली येणारी. तिचा परीटघडीचा पांढरा कोट, तिचं ते पाण्यासारखं बोलणं! गोळीचं नाव, ती काय करते, कधी घ्यायची, काय खायचं नाही, एकही मुद्दा सुटला नाही. मग हसून तिने विचारलं, “समजलं ना, मामीता?”

मी मान डोलावली. तिने आभार मानले आणि उठली.

कागदावरची शेवटची ओळ माझी होती : रुग्णाला समजले का? पेन हातात घेतलं तेव्हा डॉक्टर उर्किदी दारातून माझ्याकडेच बघत होत्या. मी ‘नाही’वर खूण केली. कागद फाटेल इतकी दाबून केली.

डॉक्टरांनी कागद उचलला आणि त्यांचा चेहरा उतरला. “चुकून झालं असेल,” त्या हळूच म्हणाल्या. “दुसरा कागद देते.”

“चुकून नाही झालं.”

न्येवेस दारातून परत फिरली. “मी विचारलं तुम्हाला! तुम्ही हो म्हणालात! खोटं बोललात, मामीता!”

“बोलले. रोज बोलतात लोक तुमच्याशी असंच. काउंटरच्या तुमच्या बाजूने ते दिसत नाही, पोरी.”

तपासनीसांतली पांढऱ्या केसांची बाई पुढे आली. “मग तिने काय करायला हवं होतं?”

“मला बोलतं करायला हवं होतं,” मी म्हणाले. “मान काय, कुणीही डोलावतं. मागे रांग असली की जास्तच.”

ती बाई परत जाऊन बसली आणि बराच वेळ लिहीत राहिली.

तीन आठवड्यांनी डॉक्टर उर्किदी बाजारात आल्या. बटाट्यांना हातही न लावता उभ्या राहिल्या.

“शिक्का वर्षभर पुढे ढकलला, दोन्या कासिल्दा. रुग्णाला समजलं की नाही हे ताडून बघायला आधी शिकवा, म्हणाले. मग पुन्हा येतील.” त्यांचा आवाज जड होता. “लोक मला विचारतात, ती बटाटेवाली कशाला आणली होतीत?”

“काय सांगता त्यांना?”

“अजून तरी काही नाही.”

“पोरं किती आहेत तुमच्याकडे?”

“चाळीस.”

“मग गुरुवारपासून येते. गुरुवारी बाजार ढिला असतो. प्रत्येकाला माझ्यासमोर बसवा. मी कुणालाही फुकट ‘होय’ देणार नाही, हेही आधीच सांगून ठेवा.”

डॉक्टर खाली वाकल्या आणि बटाटे निवडायला लागल्या.

गुरुवारी सगळ्यांत आधी न्येवेस आली. ओठ घट्ट मिटलेले. खुर्चीत बसली आणि पुन्हा सगळं सांगितलं, पण या वेळी निम्म्याच शब्दांत. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, “आता तुम्ही मला सांगा. घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल? मला नीट सांगता आलं का, ते मला बघायचंय. केचुआत बोललात तरी चालेल, माझी आजी तेच बोलते.”

आणि ती थांबली. घड्याळाकडेही पाहिलं नाही तिने.

“सोमवारी एक,” मी केचुआत म्हणाले. “मग पुढचा सोमवार येईपर्यंत नाही.”

“आणि मध्येच बोटं फार दुखली तर?”

याचं उत्तरही मला पाठ होतं.

“कितीही विनवण्या केल्या तरी त्याला द्यायची नाही.”

न्येवेसने कागदाकडे पाहिलं. कागदावर रुग्ण मी होते. तिने मला दुरुस्त केलं नाही. खुर्ची जरा पुढे ओढली.

“बरोबर,” ती म्हणाली. “आणि त्याचं तोंड आलं, तर काय कराल?”

“थांबवीन,” मी म्हणाले. “त्याच दिवशी त्याला घेऊन येईन.”