परातीएवढे चेहरे

वहिनींच्या हाताखालून जितकी माणसं पाण्यातून वर आली, तितकी कुठल्या नदीनंही कधी वर सोडली नसतील. स्टुडिओच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. कोरा कागद औषधाच्या पाण्यात सोडायचा, ट्रे जरा हलवत राहायचं, की आधी भुवया, मग मिशा, मग त्या मिशांमागे घाबरून बसलेला नवरदेव. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालक म्हणाले, हवं ते घेऊन जा. वहिनींनी फोटो मोठा करायचं यंत्र उचललं आणि कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभी असलेली फोटोच्या कागदाची एक लठ्ठ गुंडाळी. ती कुणालाच नको होती. तेवढा फोटो लावायचा तर तेवढी भिंत लागते, आणि तेवढी भिंत असलेला माणूस फोटो कशाला काढेल, चित्रकारच बोलावेल.

घरी आल्यावर त्यांनी मागच्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. भरदुपारी त्या खोलीत इतका दाट अंधार असायचा की वाडग्यात काढून शेजारी वाटावा. रात्रपाळीचा पहारेकरी दिवसा झोपायला ती खोली भाड्यानं मागून गेला होता म्हणतात.

आता वहिनी या नावाविषयी. अख्खी इमारत त्यांना वहिनी म्हणायची. नवराही एकदा गडबडीत म्हणून गेला होता, आणि तो दिवस तो अजून विसरलेला नाही, म्हणजे त्याला विसरू दिलेला नाही. तसा हक्कानं वहिनी म्हणणारा एकच, धाकटा दीर. नवरा शिंपी, दीर नळजोडणीवाला, आणि त्या दोघांच्या वर सासूबाई.

सासूबाईंचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की थंडी सरेपर्यंत जे दिसेल ते दिसेल, पुढे धुकं. तेव्हाच त्यांचा हिशेब असा झाला होता की वाटीएवढी वस्तू दिसत नाही, परातीएवढी दिसते. दारातून कोण आलं ते त्या चपलांवरून ओळखायच्या आणि चुकल्या तर दोष चपलांना द्यायच्या.

एका दुपारी त्या घरातला जुना फोटो नाकाला लावून बसल्या होत्या. वहिनी या घरात यायच्या कितीतरी आधी, मुलगे लहान असताना, स्टुडिओच्या मालकांनी काढलेला. जिन्याच्या पायऱ्यांवर सासरे, सासूबाई, दोन्ही मुलगे. आता सासरे नव्हते, आणि फोटो होता तळहातावर मावेल एवढा.

"तांदळाच्या दाण्याएवढी माणसं झालीत सगळी," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, मला हे परातीएवढे करून दे. जायच्या आधी एकदा नीट बघून घेते. मी नव्हे गं, डोळे जायच्या आधी."

"देते," वहिनी म्हणाल्या.

कसं देणार हे त्या घडीला त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण त्यांनी ते चेहऱ्याला कळू दिलं नाही.

अडचण कागदाची नव्हती. गुंडाळीत दोन फोटोंपुरता कागद निघाला. निगेटिव्ह तर त्यांनी स्टुडिओतून मागून आणून लग्नातल्या दागिन्यांहून जपून ठेवलेली. अडचण होती माणसांची. एवढा कागद कुठल्याही ट्रेमध्ये मावत नाही. त्याची दोन टोकं दोन नळ्यांना गुंडाळायची, मधला भाग औषधाच्या पन्हळीत बुडवायचा, आणि एकानं सोडत जायचं, दुसऱ्यानं गुंडाळत जायचं, मग उलट, मग पुन्हा उलट, न थांबता, एका लयीत. त्याला दोन दमदार माणसं लागतात आणि त्यांचं एकमेकांशी जमावं लागतं. घरात दमदार माणसं दोनच होती, आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती.

कारण होतं कपाट. वडिलांचं लोखंडी कपाट दोघा भावांनी मिळून जिन्यावरून चढवायला घेतलं आणि वळणावर ते सुटलं. कपाट एकटंच खाली निघालं. एकेक मजला उतरत, कठड्याला टेकत, ते तळमजल्यावरच्या मास्तरांच्या दारावर जाऊन धडकलं. मास्तर 'आलो आलो' म्हणत दार उघडायला आले तर समोर कपाट. थोरला म्हणे, धाकट्यानं आधी सोडलं. धाकटा म्हणे, थोरल्यानं. त्या दिवसापासून दोघं एका ताटलीतली भाजी वाढून घ्यायचे, पण 'मीठ इकडे कर' हे वाक्यसुद्धा वहिनींमार्फत जायचं. वहिनी म्हणजे त्या घरातलं टपाल होतं.

दोघंही आईसाठी तयार झाले, पण दोघांनीही ते वहिनींनाच कळवलं.

धाकट्यानं सांडपाण्याचा जाड पाइप उभा चिरून तीन पन्हळी केल्या. पहिलीत चित्र उमटवणारं औषध, दुसरीत साधं पाणी, तिसरीत चित्र पक्कं करणारा हायपो. थोरल्यानं कागदाच्या टोकांना कापडी पट्ट्या लावून दिल्या, म्हणजे नळीवरून ओलं टोक घसरू नये. वहिनींनी यंत्र आडवं केलं, त्याचा उजेड समोरच्या भिंतीवर टाकला, आणि सासरे त्या भिंतीवर असे मोठे झाले की धाकट्यानं नकळत विडी विझवली.

त्या उजेडात कागद बराच वेळ ठेवावा लागतो, आणि तोवर यंत्राला धक्का चालत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई त्या वेळेला दोरीवरच्या उड्या मारायच्या. वहिनींनी निरोप धाडला. बाई दोरी ठेवून श्वास रोखून खुर्चीत बसल्या, आणि आजतागायत त्या सांगतात की तो फोटो निम्मा त्यांचा आहे.

मग तांबड्या दिव्याखाली भावांनी नळ्या धरल्या. सुरुवात झकास झाली. औषधातून जिन्याची पायरी वर आली, आईच्या पदराचा काठ आला, आणि तेवढ्यात कागद ताणला.

"त्याला सांग, फार ओढतोय," थोरला बायकोला म्हणाला.

"भावजी, ओढू नका."

"त्यांना सांगा, मी ओढत नाहीये, तेच सोडत नाहीयेत."

"अहो, ते म्हणतायत, तुम्ही सोडत नाही."

"सोडायचं कुणाला चांगलं येतं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे म्हणावं."

हे टपाल इकडून तिकडे जाईपर्यंत नळ्या थांबल्या होत्या. कागदाचा एकच पट्टा औषधात पडून राहिला आणि पितच राहिला. उजेडात नेऊन बघितलं तर सासऱ्यांच्या छातीवरून सासूबाईंच्या नाकापर्यंत काळाकुट्ट पट्टा, जणू घरातून डांबरी सडक गेली होती. आता एकाच फोटोचा कागद उरला होता.

दोघं भाऊ दोन भिंतींकडे बघत उभे राहिले. वहिनी ना चिडल्या ना रडल्या. त्यांनी तो वाया गेलेला कागद दुमडून ठेवला आणि जेवण वाढलं. माझ्या हातून कागद वाया जात नाही, या आपल्या म्हणण्यावरून त्या तसूभरही हलल्या नव्हत्या. हा कागद त्यांच्या हातून गेलाच नव्हता, तोंडातून गेला होता. म्हणजे बंदोबस्त तोंडाचाच करायला हवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी मांडणी पुन्हा झाली. वरच्या बाई पुन्हा श्वास रोखून बसल्या. दार लावायच्या आधी वहिनींनी कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा घेतला आणि आडवा दातांत धरला. भावांनी विचारलं, हे काय. वहिनींनी पन्हळीकडे बोट दाखवलं, नळ्यांकडे बोट दाखवलं आणि तांबडा दिवा लावला.

कागद भिजला. पायरी आली. पदर आला. थोरल्याचा हात जड पडायला लागला. त्यानं सवयीनं बायकोकडे बघितलं. बायको चिमट्याआडून त्याच्याकडे बघत होती, दात घट्ट. कागद थांबणार, एवढ्यात त्याच्या तोंडून निघालं,

"हळू."

"कुणाला सांगतोयस?" धाकटा म्हणाला.

"तुझ्याशिवाय इथं दुसरं टोक कुणी धरलंय?"

"मग तसं म्हण ना, धाकट्या हळू."

"धाकट्या, हळू. सोड... सोड... आता तू घे."

"घेतोय. दादा, तुझा डावा हात खाली जातोय."

"जन्मापासून तसाच आहे तो."

आणि नळ्या फिरायला लागल्या. सोड, घे, सोड, घे. वहिनी मधे वाकून औषध हाताने सारखं करत होत्या आणि एक अक्षर बोलत नव्हत्या. वडिलांचे कान आले, आईची टिकली आली, दोन्ही पोरांचे आखूड चड्ड्यांतले गुडघे आले. पाण्यातून हायपोत जाईपर्यंत ते दोघं मोटेवरच्या गड्यांसारखे एका सुरात लागले होते. चिमटा नंतर बाहेर काढला तर त्यावर दातांच्या अशा खुणा होत्या की दंतवैद्यानं कवळीसाठी माप म्हणून वापराव्या.

एवढ्यानं काम संपलं असं भावांना वाटलं. वहिनींच्या मते ते आता सुरू झालं होतं. हायपो कागदात मुरून राहिला तर फोटो पिवळा पडतो, डाग धरतो. तो वाहत्या पाण्यानं पुरता निघायला हवा, आणि त्याला तासन्‌तास लागतात. गच्चीवर धाकट्यानं फळ्यांचा तिरपा उतार केला आणि वर भोकं पाडलेला पाइप बसवला. ओला कागद स्वतःच्या वजनानं फाटतो, म्हणून तो नळीवर गुंडाळूनच वर नेला आणि फळ्यांवर उलगडला. पाणी सोडलं. सगळ्या कुटुंबावरून बारीक धारा वाहायला लागल्या, वडिलांच्या कपाळावरून, आईच्या पदरावरून, आणि बोरूनं ओढल्यासारख्या सरळ रेषेत मोरीत.

खालच्या नळांचं पाणी बारीक झालं तशी इमारत बादल्या घेऊन वर आली. भांडायला आलेली माणसं फोटो बघून उभीच राहिली. मास्तरांनी सासऱ्यांना नमस्कार केला, मग ओशाळून केस सारखे केले. कुणीतरी वाहून जाणारं पाणी फरशी पुसायला नेलं, आणि त्या पाण्यानं पुसलेल्या फरशीवरचे डाग कायमचे पक्के झाले अशी तक्रार पुढे वर्षभर चालू होती. वहिनींनी तिच्यात फारसं लक्ष घातलं नाही.

दोन तासांनी धाकट्याला कंटाळा आला. हाताला सुरकुत्या पडल्या होत्या. तो म्हणाला, आईला तर आत्ताच बघायचाय, पुढं चार वर्षांनी पिवळा पडला तर कुणाचं काय बिघडलं.

वहिनींनी पाण्याची धार जरा सारखी केली.

"भावजी, आईंचं बघणं थंडीपुरतं आहे. तुमचं नाही. त्या उद्या विचारतील, आज हे कसे दिसतायत रे, तेव्हा तुम्हाला भिंतीकडे बघून सांगावं लागेल."

धाकट्यानं पुन्हा पाइप धरला. थोरल्यानं पाइपाची मधली भोकं बुजली होती ती सुईनं मोकळी केली, आणि दोघं उन्हं कलेपर्यंत आळीपाळीनं धार फिरवत राहिले. मधेच कपाटाचा विषय निघालाच. दोघांनी तो मन लावून भांडून घेतला, पण एकमेकांकडे तोंड करून.

ओला कागद फळीवर सपाट बसवून वहिनींनी चारी कडांना डिंकाची पट्टी मारली. तो सुकत गेला तसा ताणत गेला, आणि सकाळी त्यावर टिचकी मारली तर ढोलकीसारखा वाजला. एक सुरकुती नाही, एक पट्टा नाही. वडिलांचा चेहरा खरोखर परातीएवढा.

फळी घरात आणली आणि दोघा भावांनी दोन बाजूंनी धरून खिडकीच्या उजेडात उभी केली. सासूबाईंना आणून समोर उभं केलं. त्या पुढे सरकल्या, मग आणखी पुढे, मान जराशी तिरपी करून, जिथून त्यांना बरं दिसायचं तिथून.

थोरल्याला वाटलं, दिसत नाहीये. धाकट्यानं वहिनींकडे बघितलं. वहिनींनीही पहिल्यांदाच श्वास धरला होता. एवढं मोठं करूनही पुरलं नसेल, तर याहून मोठी भिंत घरात नव्हती.

सासूबाईंचं बोट हवेत फिरलं आणि नवऱ्याच्या छातीवर येऊन टेकलं.

"गुंडी," त्या म्हणाल्या.

"काय आई?"

"एक गुंडी चुकलीय. एक बाजू वर, एक बाजू खाली. अख्खा सदरा वाकडा लावून उभे राहिलेत, आणि मी इतकी वर्षं म्हणतेय, किती रुबाबदार दिसताहेत." त्यांनी बोट सरकवून पुन्हा काज चाचपलं, मग थोरल्याकडे मान वळवली. "आणि तू शिंपी म्हणवतोस."

तिघांनी वाकून बघितलं. खरंच होतं. दोन दिवस तिघं त्या छातीवरून हात फिरवत होते, पट्टा पडतोय का, डाग राहतोय का, सुरकुती येतेय का. गुंडी कुणालाच दिसली नव्हती. धाकटा हसायला लागला, थोरला म्हणाला, तेव्हा मी आखूड चड्डीत होतो, हा बघ, हा मी. त्यावर सासूबाई म्हणाल्या, दिसतोयस, गुडघा सोललाय तोही दिसतोय, आणि तो कुणी ढकललं म्हणून सोलला तेही मला माहीत आहे.

धाकट्याचं हसणं थांबलं.

सासूबाई आता नवऱ्याच्या कानाकडे निघाल्या होत्या, हातभर अंतरावरून, सावकाश, बाजारात भाजी निवडावी तसं एकेक जागा पारखत. फळी जड होती. थोरल्यानं हळूच विचारलं, जरा खाली टेकवू का.

"धरून ठेवा दोघांनी," वहिनी म्हणाल्या आणि सासूबाईंसाठी खुर्ची पुढे ओढली. "त्यांचं अजून कपाळसुद्धा झालेलं नाही."