लेपाखाली बोलणारा देव

"गप्प! कान द्या सगळ्यांनी!" लेपबाबा ओरडला आणि कोळसा-भट्टीच्या आवारात जमलेली शंभर-दीडशे माणसं चिडीचूप झाली. बाबाने माझ्या दाजींची सुजलेली पोटरी दाबली. कातडीखालून कुरकुर आवाज आला.

"देव बोलतोय आत! पीडेला दातांखाली भरडतोय! बोल बेटा, दुखतंय?"

"काल जीव जात होता. आज काहीच नाही," दाजी पुटपुटले. त्यांचा चेहरा राखेसारखा पांढरा पडला होता, पण तिकडे बघायला सवड कुणाला होती? जयजयकाराने पत्रे हादरले.

मी दवाखान्यात जखमांवर पट्ट्या बांधतो. त्याच्या तीन दिवस आधी मातीने माखलेली सळई दाजींच्या पोटरीत घुसली, तेव्हा जखम मीच धुतली होती. डॉक्टरबाईंनी इंजेक्शनं दिली, टाके मुद्दाम घातले नाहीत आणि बजावलं, "जखम बंद करायची नाही. रोज दाखवायला आणा."

हे ताईच्या सासूबाईंना काही केल्या पटेना. "उघडं ठेवून काय साधतं? भट्टी लिंपताना एक फट राहिली, वारा आत गेला, की कोळशाऐवजी सगळ्या लाकडाची राख! आमची हयात गेली यात." लेपबाबाला हेच हवं होतं. त्याने जखमेत 'मंतरलेली' माती ठासली आणि वरून मेण ओतलं. मी आडवा गेलो, तर सासूबाई म्हणाल्या, "पट्ट्या बांधणाऱ्याने आम्हाला अक्कल शिकवू नये." मी मुकाट बाजूला झालो. तेव्हा शेण खाल्लं असं वाटतं आता.

जयजयकाराच्या त्या दिवशी मात्र लेपाच्या कडेने सडका वास आला आणि मी धावत जाऊन डॉक्टरबाईंना घेऊन आलो.

त्यांनी पोटरी दाबली. कुरकुर. लेपाच्या वीतभर वर, मांडीपाशी दाबलं. तिथेही कुरकुर.

"म्हणजे देव माझ्याही बोटांत आहे," त्या म्हणाल्या. "अहो, हा वायू आहे. मातीत असे जंतू असतात ज्यांना हवा सोसत नाही. तुम्ही त्यांना आत कोंडून वर बूच मारलंत. ते विष सोडतात, मांस सडवतात, आणि त्यातून झालेला वायू वाजतो."

"मग दुखणं कसं थांबलं?" बाबा गरजला, पण त्याचा एक पाय आवाराबाहेर होता.

डॉक्टरबाईंनी दाजींच्या पोटरीत सुई टोचली. दाजी हललेच नाहीत.

"मेलेलं मांस दुखत नाही."

ताईने दाजींना दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली.

पाय मांडीपासून कापावा लागला. शुद्धीवर येताच दाजींनी चादर चाचपली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "एक दिवस आधी आणलं असतं तर?" ताईने विचारलं. "पाय बहुतेक वाचला असता," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही.

भट्टीवर अजून बोलतात, "जीव बाबाने वाचवला, पाय डॉक्टरिणीने नेला." लेपबाबा पुढच्या वस्तीत सुखात आहे. संताप येतो, पण नुसत्या संतापाने काय होणार?

म्हणून हात जोडून सांगतो. खोल जखम झाली तर धुवा, तिच्यात माती-शेण काही भरू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी "हे असं का होतं?" एवढं विचारा. आम्ही सगळ्यांनी मिळून ते विचारलं नाही. त्याची किंमत एकट्या दाजींनी मोजली.